बारदान वस्तीच्या खो-खो संघाबरोबर जळगाव ते धुळे

जळगावला मी भरीत खायला गेले होते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कोणाला वाटेल की मी समाजकार्याच्या ओढीनं वगैरे निघाले होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी पुण्यात बँकेत नोकरी करत होते, वय सव्वीस, आणि डिसेंबरातली चार दिवसांची रजा हाताशी होती. कॉलेजातली मैत्रीण वंदना लग्न होऊन जळगावला गेली होती. तिचं पोस्टकार्ड आलं: "थंडी पडली आहे, वांगी आली आहेत. आता आली नाहीस तर परत बोलू नकोस." दुसऱ्या दिवशी मी आरक्षणाच्या रांगेत.

त्या वेळी पुण्याहून मनमाडमार्गे जाणारी रात्रीची गाडी सकाळी जळगावला सोडायची. मनमाडनंतर जाग आली तर खिडकीतून दिसतं ते काळं रान, मधूनच कापसाची पांढऱ्या ठिपक्यांची शेतं, आणि जळगाव जवळ आलं की केळीच्या बागा. स्टेशनवर उतरलं की हवेत डाळीच्या टरफलांचा एक कोरडा, भाजका वास असतो. गावात डाळ मिल इतक्या की दोन दिवसांनी तो वास जाणवेनासा होतो.

शुक्रवार पूर्ण भरिताचा. वंदनाच्या सासऱ्यांनी मळ्यात कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर हिरवी, हातभर वांगी भाजली. ती सोलून लाकडी भांड्यात ठेचली, वर तेलात परतलेल्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. केळीच्या पानावर भरीत आणि सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची. तुम्ही जाणार असाल तर डिसेंबर किंवा जानेवारीतच जा आणि हॉटेलात खाण्यापेक्षा कोणाच्या तरी मळ्यात आमंत्रण मिळवा. मी चार भाकऱ्या खाल्ल्या. सासरेबुवा म्हणाले, "पुण्याच्या मानानं बरं जेवलात."

वंदना नगरपालिकेच्या एका शाळेत शिक्षिका होती. शनिवारी सकाळची शाळा करून ती आली आणि म्हणाली, "आमच्या विमलअक्कांना भेटायचंय का? शाळेत शिपाई आहेत. बारदान वस्तीत राहतात, आणि तिथल्या मुलींचा खो-खोचा संघ चालवतात. उद्या धुळ्याला सामना आहे."

मी शाळेत असताना खो-खो खेळलेली, त्यामुळे लगेच हो म्हणाले. पण वस्ती म्हटल्यावर माझ्या डोक्यात जे चित्र होतं, त्याप्रमाणे मी तयारी केली. खांद्याला कॅमेरा लावला, आणि वंदनाच्या घरातले जुने कपडे एका पिशवीत भरले. रिकाम्या हातानं कसं जायचं?

मेहरूण तलावाकडे जाणारा रस्ता सोडून डावीकडे वळलं की ही वस्ती लागायची. डाळ मिलमधली फाटकी बारदानं, म्हणजे गोणपाटं, लावून पहिल्या झोपड्या उभ्या राहिल्या म्हणून हे नाव. मी गेले तेव्हा बऱ्याच घरांना विटांच्या भिंती आल्या होत्या, वर पत्रे, पत्र्यांवर दगड आणि वाळत घातलेल्या मिरच्या. गटार उघडं होतं आणि गल्ली इतकी अरुंद की समोरून सायकल आली की कोणाच्या तरी ओट्यावर चढावं लागे. त्याच गल्लीत एक बाई दारापुढे रांगोळी काढत होती आणि सायकलवाला चाक उचलून रांगोळीला वळसा घालून गेला.

विमलअक्का दारातच भेटल्या. तिशी ओलांडलेली, ठेंगणी, घट्ट बांध्याची बाई. कमरेला शाळेच्या चाव्यांचा जुडगा आणि त्यातच एक शिट्टी अडकवलेली. नवरा केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर, तेव्हा दिल्लीकडे गेला होता. माझ्या हातातली पिशवी त्यांनी पाहिली, आत काय आहे हे वंदनाच्या चेहऱ्यावरून ओळखलं, आणि अगदी सहज म्हणाल्या, "ताई, ती पिशवी परत घेऊन जा. पहिल्यांदा आलात, पाहुण्या आहात. पाहुण्यांनी आणायचंच असेल तर खायला आणायचं."

मी आल्या पावली रस्त्यावर गेले, टोपलीवालीकडून मेहरूणची बोरं घेतली, कागदाच्या दोन पुड्या भरून. ही बोरं लहान, लालसर आणि मधासारखी गोड असतात. थंडीत गेलात तर चुकवू नका. कॅमेरा मी पिशवीत टाकला तो टाकलाच. आजही कोणी मला विचारतं, वस्ती बघायला कसं जावं. माझं उत्तर असतं, वस्ती बघायला जाऊ नका. तिथे राहणाऱ्या कोणाकडे तरी जा.

साडेचारला शाळेच्या मैदानावर सराव सुरू झाला. विमलअक्कांनी फाटकाचं कुलूप काढलं आणि चुन्याच्या रेषा स्वतः मारल्या. मुली सतरा ते बावीस वयाच्या. कोणी डाळ मिलमध्ये निवडायला जाणारी, कोणी पापड लाटणारी, दोघी कॉलेजात. सलवार-कमीज, ओढणी कमरेला करकचून बांधलेली, पाय अनवाणी. सूर मारायला शिकवताना विमलअक्का नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून स्वतःला मातीत झोकून द्यायच्या. उठल्या की कोपरं झटकायच्या आणि म्हणायच्या, "पाहिलं? मेले नाही मी. आता तू."

मी विचारलं, हे कसं सुरू झालं? मला वाटलं काहीतरी मोठं उत्तर येईल. त्या म्हणाल्या, "चाव्या माझ्याकडे असतात. मैदान संध्याकाळी रिकामं असतं. आणि पोरी पाण्याच्या रांगेत एकमेकींच्या झिंज्या उपटत उभ्या असायच्या. म्हटलं एवढा जोर आहे तर पळा." मग म्हणाल्या, "पहिल्या वर्षी एक पोर होती. काय सूर मारायची! पंधराव्या वर्षी लग्न लावून दिलं तिचं. मी शिपाई बाई, कोणाच्या घरात काय बोलणार, म्हणून गप्प बसले. आता नाही बसत."

त्या दिवशी मैदानावर अकरा मुली होत्या. बारावी आलीच नव्हती. तिचं नाव रेखा, वय एकोणीस, बारावीची परीक्षा पास झालेली. संघातली सगळ्यात चिवट पळणारी. तीन-तीन मिनिटं कोणाच्या हाती लागायची नाही. सराव संपायला आला तेव्हा एक मुलगी धावत निरोप घेऊन आली: रेखाला उद्या बघायला येणार आहेत, तिचे आबा तिला सोडत नाहीत.

"चला," विमलअक्का आम्हा दोघींना म्हणाल्या. "पाहुणे बरोबर असले की आबा ओरडत नाहीत."

रेखाचे वडील सुपडूआबा बाजार समितीत हमाली करायचे. एका खोलीचं घर, शेणानं सारवलेलं, भिंतीला पितळी भांडी ओळीनं. आबा उंच, खांदे एका बाजूला किंचित झुकलेले. "बठा, बठा," म्हणत त्यांनी आम्हाला सतरंजी टाकली. रेखा चुलीशी आईजवळ मान खाली घालून बसली होती.

"उद्या पाव्हना येई ऱ्हायनात," आबा म्हणाले. "नरडाणाना. पोराचं घर चांगलं शे, कापूसना जिनिंगमा नोकरी शे."

"चांगलं आहे की," विमलअक्का म्हणाल्या. "किती वाजता?"

"दुपारले."

"आबा, तुम्ही रेखाला खेळताना कधी पाहिलंय?"

आबा म्हणाले, "मी नही म्हनस का? पन लोके काय म्हनतीन? पाव्हना दारशी उभा, आनि पोर धुळे गावमा पयी ऱ्हायनी." म्हणजे पळतेय.

विमलअक्कांनी वाद घातला नाही. चहाचा घोट घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "नरडाण्याहून धुळं एसटीनं तासाभरावर आहे. त्यांना इथे यायचं तर अर्धा दिवस जाणार. त्यांनाच धुळ्याला बोलवा. मुलगी मैदानावर बघू देत. तुम्ही आणि वहिनी दोघं आमच्याबरोबर चला. तिथे तुम्हाला नाही पटलं तर सामना चालू असताना तिचा हात धरून घेऊन जा. मी अडवणार नाही."

असला प्रस्ताव मी जन्मात ऐकला नव्हता. आबांनीही नसावा. तेवढ्यात चुलीपाशी रेखाची आई बोलली, "जाऊ द्या ना तिले. मी बी येस. पोहा डबामा लई लेस." पाहुण्यांचे पोहे डब्यातून धुळ्याला नेण्याची तिची तयारी झालेली होती. आबांना हसू आवरलं नाही, आणि तिथेच गाडी वळली.

नरडाण्याला मुलाच्या मामांचं किराणा दुकान होतं आणि तिथे फोन. आम्ही वंदनाच्या शेजाऱ्यांकडे गेलो. फोन लागेपर्यंत तास गेला. आबांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "हॅलो! मी जयगावथीन बोली ऱ्हायनू!" पलीकडचे मामा बराच वेळ काहीतरी बोलत होते. आबा नुसते "हा, हा" करत होते. फोन ठेवून म्हणाले, "येतस म्हने." कपाळाला घाम आला होता.

रविवारी सकाळी साडेसहाची एसटी. जळगाव ते धुळे हा रस्ता आता चौपदरी आहे, तेव्हा एकपदरी होता आणि कापसाच्या बैलगाड्यांमागे गाडी तासन्‌तास रांगायची. एरंडोलला चहासाठी थांबा. वेळ असेल तर इथून पद्मालयाच्या गणपतीला जरूर जा, तळ्यातली कमळं बघण्यासारखी असतात. आम्हाला तेवढी फुरसत नव्हती. मी विमलअक्कांसाठी चहा आणला, त्या खिडकीला टेकून शिट्टीची दोरी बदलत होत्या. आमच्या बारा पोरी, डबे, चुन्याची पिशवी, पोह्यांचं पातेलं ही सगळी गर्दी पाहून कंडक्टरनं विचारलं, "कोनी वरात शे ही?"

"वरात नही, टीम शे," मुली एका सुरात ओरडल्या. कंडक्टरनं आबांकडे पाहून विचारलं, "आनि तुम्ही कोन?" पारोळा येईपर्यंत आबा खिडकीबाहेर बघत राहिले.

धुळं म्हणजे सरळ, रुंद रस्त्यांचं गाव. कोणीतरी पट्टी घेऊन आखल्यासारखं. बसस्थानकापासून चालत दहा मिनिटांवर एका शाळेचं मैदान होतं, कडेला निंबाची झाडं, खाली ताडपत्री. समोरचा संघ धुळ्याचाच, सगळ्यांना एकसारखे निळे गणवेश आणि पायात कॅनव्हासचे बूट. आमच्या मुलींनी त्या बुटांकडे एकदा पाहिलं. विमलअक्का म्हणाल्या, "बूट पळत नाहीत."

सामना अकराला सुरू झाला. पहिल्या डावात आमचा पाठलाग ढिसाळ झाला, दोनदा चुकीचा खो दिला. मी पाण्याची कळशी आणि विमलअक्कांचं घड्याळ सांभाळत रेषेजवळ बसले होते, त्यामुळे सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. रेखाची पळण्याची पाळी आली तेव्हाच नरडाण्याची मंडळी पोचली. मामा पुढे, टेरिकॉटचा सदरा, हातात छत्री. मागे मुलाची आई, आणि सगळ्यात मागे मुलगा, प्रकाश नाव त्याचं, किडकिडीत, नव्या चपला चावत असाव्यात असा चालणारा. आबा घाईघाईनं उठले, त्यांना ताडपत्रीवर बसवलं. रेखाच्या आईनं पोह्यांच्या ताटल्या पुढे केल्या.

"मुलगी कुठाय?" मामांनी विचारलं.

आबांनी मैदानाकडे बोट दाखवलं.

रेखा तेव्हा दोन खांबांच्या मधून नागमोडी पळत होती. पाठलाग करणारी मुलगी हात लांब करायची आणि रेखा बोटभर अंतरानं निसटायची. पळताना ती कुठेच बघत नाहीये असं वाटे, पण तिला सगळं दिसत असायचं. एक मिनिट झालं, दोन झाली. धुळ्याचे प्रेक्षकसुद्धा टाळ्या वाजवू लागले. मी आबांकडे पाहिलं. त्यांच्या हातातली ताटली तिरकी झाली होती आणि पोहे मांडीवर सांडत होते. त्यांना पत्ता नव्हता.

मामा म्हणाले, "एवढी पळते पोरगी. घरात टिकेल का?"

हसण्यावारी न्यावं असंच म्हटलं होतं त्यांनी. पण आबांनी मान वळवली आणि मामांकडे नीट बघत म्हणाले, "पयस ती. चोरी नही करस."

प्रकाशनं पोह्यांत बघितलं. त्याच्या आईनं पदर तोंडाला लावला, मला वाटतं ती हसत होती.

शेवटच्या डावात आम्हाला वेळ काढायचा होता. रेखा आणखी अर्धं मिनिट टिकली असती तर बरोबरी. ती कडेच्या रेषेवर तिरकी झाली, पंचांची शिट्टी वाजली आणि हात वर गेला. बाद. एका गुणानं आम्ही हरलो.

आणि सुपडूआबा मैदानात. "एक पाय मझार व्हता! तिना एक पाय मझार व्हता!" रेषेच्या आत होता म्हणे एक पाय, आणि एक पाय आत असला तर बाद देत नाहीत. पंच बिचारे मागे मागे सरकत होते. आबा वाकून मातीतला ठसा दाखवत होते. विमलअक्का त्यांचा दंड धरून ओढत होत्या. खरं सांगायचं तर दोन्ही पाय बाहेर गेले होते. मी रेषेपासून दोन हातांवर होते. पण त्या दिवशी हे बोलण्याची माझी हिंमत नव्हती.

पाहुण्यांचं बोलणं मग निंबाखाली झालं. रेखा गुडघा सोललेली, केसांत माती, तशीच येऊन बसली. मामा म्हणाले, "मुलगी पसंत आहे. फक्त लग्नानंतर हे खेळणं बंद, एवढं आत्ताच बोलून घ्या."

कालपर्यंत हेच आबांचं म्हणणं होतं. आज ते म्हणाले, "ते तिले इचारा."

रेखानं मामांकडे पाहिलंच नाही. तिनं प्रकाशला विचारलं, "तुम्ही संध्याकाळी काय करता?"

तो दचकला. "मी? काही नाही. मित्रांबरोबर बसतो चौकात."

"मी हे करते," रेखा म्हणाली. "बंद नाही करणार."

प्रकाश काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलंही त्यानं. पण मामा छत्री घेऊन उठले आणि म्हणाले, "घरी विचार करून कळवतो." जाताना मुलाच्या आईनं मात्र रेखाच्या सोललेल्या गुडघ्याला हळद लावायला सांगितलं.

नकार येणार हे सगळ्यांनाच कळलं होतं. तरी रेखाची आई रडली नाही, आणि रेखा तर लग्न टळल्याबद्दल मैत्रिणींकडून खोटं खोटं अभिनंदन करून घेत होती. बसस्थानकाजवळच्या खानावळीत आम्ही शेवभाजी खाल्ली, नाकाडोळ्यांतून पाणी येईल इतकी तिखट. धुळ्याला गेलात की शेवभाजी खा, पण शेजारी ताक ठेवा. विमलअक्कांनी प्रत्येकीच्या चुका जेवतानाच सांगितल्या. रेखालाही म्हणाल्या, "रेषेवर जायची काय गरज होती? मधे जागा होती ना?" त्यांनाही खरं दिसलं होतं तर.

परतीच्या एसटीत पोरी पेंगल्या. आबा माझ्या पुढच्या बाकावर होते. एरंडोल सोडलं आणि ते मागे वळून विमलअक्कांना म्हणाले, "अक्का, त्या पंचले नियम माहीत नही." विमलअक्कांनी डोळे मिटूनच "हो आबा" म्हटलं. सूर्य कपाशीच्या शेतांत उतरत होता, रेखा आईच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती आणि मला, हरलेल्या संघाबरोबर येताना, इतकं बरं वाटत होतं की मी वंदनाला तसं सांगूनही टाकलं. ती म्हणाली, "मग दर वर्षी ये." त्यानंतर पाच-सहा वर्षं मी खरंच गेले.

सोमवारी गाडीत बसले, मंगळवारी बँकेत. आईनं विचारलं, काय पाहिलंस जळगावात? मी भरितापासून सुरुवात केली आणि चहा गार होईपर्यंत सुपडूआबांबद्दलच बोलत राहिले. पुष्कळ हिंडले मी नंतर, डोंगर, देवळं, समुद्र. पण माणूस एका दिवसात, डोळ्यांदेखत, स्वतःच्या पोरीला नव्यानं ओळखतो, हे मी पुन्हा कुठे बघितलं नाही. आणि विमलअक्कांनी त्यासाठी काय केलं? त्यांनी त्याला फक्त तिथे नेऊन बसवलं.

फेब्रुवारीत वंदनाचं पत्र आलं. नरडाण्याहून कळवलं होतं की पत्रिका जुळत नाही. रेखा जूनमध्ये कॉलेजात नाव घालणार आहे. आणि सुपडूआबा आता रोज संध्याकाळी हमालीवरून थेट मैदानावर येतात, भिंतीवर बसून पंचांच्या चुका काढतात. शेवटी वैतागून विमलअक्कांनी त्यांना नियम शिकवले आणि शिट्टीच हातात दिली. तेव्हापासून सरावाला पंच तेच. आपल्या पोरीची बाजू घेतली असं कोणी म्हणू नये म्हणून रेखाला ते जरा काही झालं की बाद देतात. परवा ती मैदानाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून ओरडली, "आबा, माझा पाय आत होता!"

आबांनी शिट्टी तोंडातून काढली आणि म्हणाले, "पंचसंगे वाद नही."